खुराड्याची वही

माघ

घरामागे दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब परस आहे. एका कडेला कडुनिंब, कोपऱ्यात लिंबोणी, बाकी मोकळं. निवृत्तीनंतरचं पहिलं काम ठरवून टाकलं होतं: आईच्या कोंबड्या परत आणायच्या. नगरजवळचं आमचं नागापूर गाव होतं तेव्हा दारोदार चार-दोन कोंबड्या असायच्याच. मग एमआयडीसी आली, घरं वाढली, मनमाड रस्ता रुंद झाला, गाव महापालिकेत गेलं आणि कोंबड्यांना हिंडायला उकिरडासुद्धा राहिला नाही.

आई म्हणाली, "कोंबड्या नंतर आण. आधी त्या निजतील कुठं ते बघ."

ही वही तिथून सुरू झाली.

*

आमच्या जुन्या घरात खुराडं म्हणजे ओट्याच्या पोटातला हातभर कोनाडा आणि त्याला लावलेली दगडी फरशी. पिल्लांसाठी बुरडाकडचं डालगं, वर एक धोंडा. सकाळी फरशी सरकवली की कोंबड्या गावभर. दाणा, किडा, पाणी, सावली, लोळायला धूळ, सगळं त्या शोधून घ्यायच्या. माणसानं फक्त रात्र सांभाळायची.

आता दिवसही सांभाळायचा आहे. कुंपण घातलं की कोंबडीनं बाहेर जे जे शोधलं असतं ते सगळं आपल्याला आत नेऊन ठेवावं लागतं. यादी केली: सावली, वारा, पाणी, उकरायला माती, लोळायला धूळ, बसायला उंच जागा, अंडं घालायला अंधारा कोपरा, लपायला आडोसा. लाकूड आणि जाळी या यादीनंतर.

*

किती कोंबड्या, हे जागेला विचारायचं. रात्री निजायला एका पक्ष्याला दीड चौरस फूट, दिवसा फिरायला निदान दहा. चार बाय तीनचं खुराडं आणि आठ बाय दहाचं अंगण काढलं तर आठ पक्षी बसतात. मी सातच ठरवले. सहा तलंगा, एक कोंबडा. दाटी झाली की कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात, आणि एकदा रक्त दिसलं की बाकीच्या त्याच जागी चोच मारत राहतात. औषध लावण्यापेक्षा जागा सोडणं सोपं.

*

जात आधी ठरवावी, कुंपणाची उंची मागून. गावरान कोंबडी अंगानं हलकी, सहा फुटी कुंपणावर सहज बसते. तिला वरूनही जाळी हवी. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेली गिरिराज किंवा हैदराबादहून आलेली वनराज अंगानं जड, तिला एवढं उंच उडता येत नाही. झाबुआच्या कडकनाथला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तो सगळ्यांनाच हवा असतो. अंडी जास्त हवी असतील तर सुधारित जात बरी. गावरान वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, पण ती खुडूक होते, रवणावर बसते, पिल्लं वाढवते, घार आली की हाक मारते. आईला गावरानच हवी होती. म्हणजे वरून जाळी आली.

फाल्गुन

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम. आपल्याकडच्या उन्हाला हाच नियम. लांब बाजू उत्तर-दक्षिणेला तोंड करून राहिल्या की सकाळचं आणि दुपारनंतरचं तिरपं ऊन फक्त आखूड भिंतींवर पडतं, आणि त्या भिंती बंदच ठेवायच्या असतात. दक्षिणेला दोन फुटांची वळचण काढली. पावसाळ्यातला वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून ती बाजू फळ्यांनी पूर्ण भरली.

आठवडाभर फक्त सावली बघितली. सकाळी नऊ, दुपारी एक, चार वाजता. कडुनिंबाची सावली कुठवर येते तिथं चुन्यानं रेघ मारली. जागा त्या रेघांनीच दाखवली.

*

आमच्याकडे वर काळी माती, खाली मुरूम. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात पाय धरते. तिच्यात पुरलेला खांब दोन पावसाळ्यांत कलतो. अंगणाच्या जागेतली फूटभर माती काढून लिंबोणीला घातली आणि मुरूम भरून चोपला. परसाच्या मागच्या बाजूला इंचभर उतार ठेवला. पाणी साचेल अशी वाटीएवढी जागाही राहू द्यायची नाही. ओल्या जमिनीत रक्ती हगवणीचे जंतू वाढतात, आणि ती पहिली लहान पिल्लांना धरते.

*

खुराडं जमिनीवर टेकवायचं नाही, चार पायांवर उभं करायचं, असं ठरलं. दोन फूट उंच. घुशीला खालून बीळ करून आत शिरता येत नाही, झाडताना वाकावं लागत नाही, आणि खालची जागा कोंबड्यांची दुपार काढायची होते. तिथं राख, बारीक माती आणि थोडी वाळू टाकली. कोंबडीची अंघोळ हीच. धुळीत लोळून पिसं झाडली की उवा-पिसवा पडतात.

*

एमआयडीसीच्या भंगारात फिरलो. माझी सगळी नोकरी फिटर म्हणून गेली, त्यामुळे लोखंड कसं बघायचं ते हाताला ठाऊक आहे. दीड इंची अँगल, जुनी बिजागरी, दोन पत्रे आणि लाकडी पॅलेट मिळाले.

पॅलेट घेताना त्यावरचा शिक्का बघावा. परदेशी मालाच्या पॅलेटवर 'एचटी' असेल तर लाकूड फक्त तापवून कीडमुक्त केलेलं असतं. 'एमबी' असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. तो पॅलेट तिथंच ठेवावा. तेलानं काळवंडलेलं लाकूडही घेऊ नये. आणि केमिकलचा ड्रम पाण्यासाठी कितीही स्वस्त मिळाला तरी नको. आपण त्यातलं पाणी पिणार नसलो तरी त्या पाण्यातून झालेलं अंडं खाणार असतो.

*

जाळीचे तीन प्रकार दुकानात समोर ठेवले. षटकोनी घरांची कोंबडी जाळी: स्वस्त, हलकी, कात्रीनं कापता येते. चेनलिंक: मजबूत, पण मुंगूस आरामात आरपार. अर्धा इंची वेल्डमेश: महाग, कडक, हात कापणारी. मी पैसे वाचवले. अंगणाला चारही बाजूंनी आणि वरूनही कोंबडी जाळी लावली, आणि फक्त खुराड्याच्या खिडक्यांना वेल्डमेश.

चैत्र

तलंगा आल्या. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, तिन्हीसांजेला, एका पोत्यात दोन आणि खोक्यात चार. कोंबडा वेगळ्या पाटीत. आईनं प्रत्येकीला हातात घेऊन पोटाखाली बोटं फिरवली, डोळे बघितले, पंखाखालचं कातडं बघितलं, मग आत सोडली. पंचाऐंशी वर्षांचे हात, पण एकही पक्षी फडफडला नाही.

*

आज ही नोंद करणं जड जातंय.

चौथ्या संध्याकाळी पाच तलंगा आत गेल्या, तांबूस तलंग गेली नाही. अंगणाच्या कोपऱ्यात जाळीला लागून बसली. धरायला गेलो तर पळाली. मला वाटलं, भोवती जाळी आहे, वर जाळी आहे, एक रात्र बाहेर राहिली तर काय होतंय. दार लावलं आणि घरात गेलो.

सकाळी कोपऱ्यात जाळीची खालची तार वर वळलेली. तिच्यावर तीन तांबडी पिसं. बाहेरच्या बाजूनं मुरूम उकरलेला, वीतभर खोल, आणि मऊ मातीत कुत्र्याच्या नखांच्या रेघा. जाळी कुठंच फाटली नव्हती. तिला जमिनीशी कुणी बांधलंच नव्हतं.

आई काही बोलली नाही. तिनं पिसं काढली आणि लिंबोणीच्या बुडाशी पुरली.

*

त्यानंतर केलेली कामं, ज्याला कुणाला करायची असतील त्याच्यासाठी क्रमानं:

कोंबडी जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. म्हणून खालचे दोन फूट सगळीकडे अर्धा इंची वेल्डमेश.

त्याच जाळीची दीड फुटी पट्टी कुंपणाच्या बुडापासून बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी अंथरली, कुंपणाला तारेनं शिवली, वर मुरूम आणि दगड. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी बुडाशी उकरतं. तिथं पंजाला तार लागली की मागं सरून उकरायचं त्याला सुचत नाही.

दाराला एक कडी पुरत नाही. वर कडी, खाली अडसर.

नवे पक्षी पहिले चार-पाच दिवस खुराड्यातच ठेवायचे, दाणापाणीही आत. मग दार उघडायचं. घर कुठलं ते त्यांना त्याशिवाय कळत नाही. हे आईला माहीत होतं. मी विचारलं नव्हतं.

*

उसाच्या पट्ट्यात, संगमनेर-राहुरीकडे, यापुढची काळजी घ्यावी लागते. तिथं बिबट्या वस्तीपर्यंत येतो. वरची जाळीही वेल्डमेशची आणि खांब काँक्रीटमध्ये बसवलेले हवेत. आपल्या शिवारात कोण फिरतं ते आधी विचारावं, कुंपण त्याच्या बेतानं करावं.

वैशाख

पारा चाळिशीच्या वर. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते. असं दिसलं की उशीर व्हायला लागला असं समजावं.

पत्र्याला वरून चुना मारला, त्यावर वीतभर उसाचं पाचट अंथरून सुतळीनं आवळलं. आपल्या जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही. पत्र्याच्या खाली आतून हात लावला तर आधी चटका बसायचा, आता बसत नाही. खुराड्याच्या दोन्ही लांब बाजूंना, पत्र्याखाली सहा-सहा इंचांची फट ठेवली आहे, जाळी लावून. गरम हवा वर जाते, तिला निघायला वाट हवी.

*

पाणी. एरवी एका कोंबडीला दिवसाला पाव लिटर पुरतं, वैशाखात दुप्पट ठेवतो. मातीची दोन परळं, दोन्ही सावलीत, दुपारी एकदा पाणी बदलून. तापलेलं पाणी कोंबडी पीत नाही आणि तहानलेली कोंबडी दाणा खात नाही. अंडी त्याच आठवड्यात थांबतात.

*

शेजारचा भाऊ तिसऱ्या पाळीला जातो. सकाळी साडेसातला येतो, आठला झोपतो. आमच्या गल्लीत असे कितीतरी. कोंबडा आणायच्या आधी मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "काका, पहाटे आरवला तर मी कंपनीतच असतो. आठनंतर तेवढं बघा."

म्हणून खुराड्याची भिंत त्याच्या खिडकीकडे बंद, तोंड आमच्या घराकडे. कोंबड्याला उजेड दिसू नये म्हणून गोणपाट लावून पाहिलं. पहाटे चारला तो गोणपाटाआडून आरवला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही म्हण लहानपणापासून ऐकलेली. 2013 साली जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की उजेड नसतानाही कोंबडा आपल्या आतल्या घड्याळानं पहाट ओळखतो. डालग्याखाली कोंबडा झाकून निजणाऱ्या बायांनी हे कधीच पाहून ठेवलं होतं.

नुसती अंडी हवी असतील तर कोंबडा लागत नाही, हेही लिहून ठेवतो. कोंबडा लागतो तो पिल्लांसाठी.

ज्येष्ठ-आषाढ

पहिल्या पावसात खुराड्याची परीक्षा झाली. पश्चिमेची भिंत कोरडी. दक्षिणेकडून थोडे शिंतोडे आले, तिथं गोणपाटाचा पडदा लावला. खालून अडकवलेला, वरून मोकळा, म्हणजे पाऊस अडतो आणि वारा राहतो.

तळाला चार इंच भुईमुगाची टरफलं आणि वखारीतला लाकडाचा भुसा. दर दोन दिवसांनी काठीनं खालीवर करायचं. मूठ भरून दाबावं: गोळा झाला तर ओल जास्त, हात उघडताच सुटला तर ठीक. ओल वाटली तर थोडी चुन्याची भुकटी.

सकाळी दार उघडलं की आपलं डोकं कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर न्यावं आणि श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर शिटेतला अमोनिया साठलाय. रात्रभर तोच वास त्यांनी घेतला. हिवाळ्यात लोक खुराडं प्लास्टिकनं गच्च बांधतात. नगरच्या थंडीत कोंबडी सहसा मरत नाही, तिच्या अंगावर पिसांची दुलई असते. कोंडलेल्या ओलीनं मात्र ती आजारी पडते.

*

बसायची दांडी बाभळीची, मनगटाएवढी जाड, साल काढून गुळगुळीत केलेली. प्रत्येकीला आठ इंच. भिंतीपासून फूटभर पुढं, नाहीतर शेपटी घासते. कोंबडी दांडीवर बसली, गुडघा मुडपला, की पायाच्या शिरा आपोआप ताणून बोटं दांडीला घट्ट धरतात. झोपेत ती म्हणूनच पडत नाही. हे मी कंदील घेऊन पाहिलं. काळ्या तलंगेची बोटं हळूच सोडवायला गेलो तर सुटेनात, आणि ती मात्र मान पिसात घालून गाढ.

दांडी खुराड्यातली सगळ्यात उंच जागा हवी. अंड्याचं खोकं तिच्याहून उंच झालं तर कोंबड्या खोक्यातच निजतात आणि अंडी घाण होतात.

*

पहिलं अंडं आषाढी एकादशीच्या सकाळी. फूटभर लांब-रुंद खोकं, तोंडाला गोणपाटाचा पडदा, आत पेंढा. चार-पाच कोंबड्यांना एक खोकं पुरतं. जागा कुठली ते कळावं म्हणून आईनं आत चुन्याचा अंड्याएवढा गोळा ठेवला होता. तलंगेनं त्याच्याशेजारीच घातलं. लहान, टोकाला रक्ताची रेघ. आता तिला तलंग म्हणायचं नाही, ती कोंबडी झाली.

श्रावण

गल्लीत निम्मी घरं श्रावण पाळतात. अंडी साठली. दाणा मात्र रोज तेवढाच लागतो, एकेकीला शंभर-सव्वाशे ग्रॅम: बाजरी, मक्याचा भरडा, लसूणघास, मेथीच्या काड्या आणि वाटीत वेगळा शिंपल्यांचा चुरा. अंड्याच्या टरफलाला चुना लागतो. बाहेरून मिळाला नाही तर कोंबडी आपल्या हाडांतला देते.

दाणा सांडू द्यायचा नाही. सांडलेल्या दाण्यावर घूस येते, घुशीमागे साप येतो, आणि सापाला अंडंही चालतं. संध्याकाळी भांडं उचलून झाकून ठेवणं हेही कुंपणाचंच काम.

*

मानमोडीची लस. सरकारी कागदावर तिचं नाव राणीखेत, कारण आपल्या देशात तो आजार पहिल्यांदा कुमाऊँमधल्या राणीखेतला नोंदला गेला. मान पिळवटते, पंख लोंबतात, हिरवी शीट होते, आणि दोन दिवसांत खुराडं रिकामं. औषध नाही, लसच. लसीची बाटली शंभर पक्ष्यांची आणि उघडल्यावर दोन तासांत संपवायची. माझे पक्षी सहा. म्हणून गल्लीतल्या आणि बोल्हेगावच्या कोंबड्या असणाऱ्या घरांना एकाच सकाळी बोलावलं. थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली आणली. एका बाटलीत सगळ्यांचं झालं. एकट्याच्या परसात कोंबडी सुरक्षित राहत नाही, शेजारची सुरक्षित असेल तरच आपली राहते.

*

फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू आला, देशातली पहिली नोंद. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. तेव्हापासून एक गोष्ट धरून ठेवावी: रानपक्ष्यांची शीट दाण्यापाण्यात पडू नये. जाळीवरून ती पडतेच, म्हणून दाणा आणि पाणी नेहमी पत्र्याखाली. बाजारातून नवा पक्षी आणला तर तीन आठवडे वेगळा. पक्षी अचानक मेले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. लपवू नये.

कार्तिक

अंडी कमी झाली. दिवस अकरा तासांवर येतो आहे. भरपूर अंड्यांसाठी सोळा तास उजेड लागतो, म्हणून लोक दिवा लावतात. मी लावला नाही. पिसं गळताहेत, नवी येताहेत. त्यांनाही एवढी विश्रांती असू दे.

*

भुशातलं खत काढलं. ताजं कोंबडखत फार तापट, झाडाचं मूळ जाळतं. पालापाचोळ्यात मिसळून तीन महिने कुजत ठेवलंय. आषाढातला पहिला ढीग आता काळा, भुसभुशीत झाला, वास गेला. लिंबोणीला घातला.

पौष

काळी कोंबडी खुडूक झाली. खोक्यातून उठेना, हात नेला की फुगून घोगरा आवाज काढते. आईनं नऊ अंडी निवडली, दिव्यासमोर धरून, तडा नाही ना ते बघून. शांत कोपऱ्यात पाटीत राख, वर पेंढा. एकवीस दिवस.

*

एकविसाव्या दिवशी सात फुटली.

पिल्लांसाठी वेगळं काय बांधू, असं आईला विचारलं. मनात मापं तयार होती, अर्धा इंची जाळीसुद्धा उरलेली होती. ती माळ्याकडे बघून म्हणाली, "वरचं डालगं काढ."

बांबूचं, धुरानं काळं झालेलं, एक कड मोडलेली. मोडकी कड तारेनं बांधून घेतली. आता सकाळी ते अंगणात कडुनिंबाखाली पालथं पडलेलं असतं. बांबूच्या फटी एवढ्याच की पिल्लू बाहेर जातं, कोंबडी जात नाही. पिल्लं चार पावलं लांब जाऊन उकरतात. वर घारीची सावली सरकली की काळी आतून एकच आवाज काढते आणि सातही फटींतून आत. खुराडं बांधायला मला दोन महिने लागले, आणि वाट कुणाला ठेवायची, कुणाला नाही, हे त्या बुरडानं फटीच्या मापात केव्हाच सोडवून ठेवलं होतं.

*

संध्याकाळी दार लावायच्या आधी मोजतो. चार कोंबड्या दांडीवर, एक कोंबडा. काळीच्या पोटाखाली हात घालून एकेक पिल्लू चाचपतो: पाच, सहा, सात. मग कडी, मग अडसर. आई ओट्यावरून विचारते, "सगळी आली का?"

सगळी आली म्हटल्यावरच ती आत जाते.